केनेडी आणि व्हिएतनाम

केनेडी जगते तर अमेरिकेने व्हिएतनाममधून काढता पाय घेतला असता, हा रविवार पुरवणीतील लेखाचा निष्कर्ष पटला नाही. युद्ध वाढल्याचे सगळे खापर केनेडींनंतर अध्यक्ष झालेल्या जॉन्सन यांच्यावर फोडणे अन्यायाचे आहे. केनेडींच्या ११ ऑक्टोबर १९६३ च्या आदेशाने वर्षअखेरपर्यंत १,००० सैनिक परत आणण्यास मंजुरी दिली, हे खरे. पण त्यामागे लढाई नीट चालली आहे, असा अहवाल होता. महिनाभरातच दक्षिण व्हिएतनामचे अध्यक्ष दिएम यांची सत्ता उलथली, त्यांची हत्या झाली आणि तो आधारच गेला. माघार ही मोठी चूक ठरेल, असे केनेडींनीच सप्टेंबरमधील दूरचित्रवाणी मुलाखतीत सांगितले होते. स्वतःच्या हत्येच्या दिवशी सकाळी फोर्ट वर्थमध्येही, अमेरिकेविना दक्षिण व्हिएतनाम रातोरात कोसळेल, असे ते म्हणाले. त्यांच्याच कारकिर्दीत तेथील अमेरिकी सैनिक हजाराच्या आतून सुमारे १६,००० वर गेले होते.

– एक वाचक, पुणे