रिपोर्ट नॉर्मल आहे, तरीही

नाशिक

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

रक्त गोठण्याच्या तपासण्यांच्या रिपोर्टचा फोटो मिळाला. खाली ‘सगळं नॉर्मल, आता पुरे’ असं लिहिलंयस. पंचवटीतल्या लॅबमध्ये जिची सगळी नोकरी झाली, तिला तू ‘पुरे’ म्हणतेस! फोनवर ऐकून घेत नाहीस, म्हणून लिहिते.

पीटी १२ सेकंद, एपीटीटी ३१, प्लेटलेट्स अडीच लाख. आकडे उत्तम. पण काउंटवरून प्लेटलेट किती आहेत ते कळतं, त्या कामाच्या आहेत का ते नाही. पीटी-एपीटीटीत नुसत्या प्लाझ्मात, म्हणजे पेशी काढलेल्या रक्तद्रवात, रसायन घालून गुठळी धरायला किती सेकंद लागतात ते मोजतात. प्लेटलेटना जखमेवर चिकटवणारं व्हॉन विलब्रँड नावाचं प्रथिन असतं. ते थोडं कमी असलं, तरी या दोन्ही तपासण्या खुशाल नॉर्मल येतात. फिनलंडच्या एरिक व्हॉन विलब्रँड यांनी १९२६ मध्ये या कमतरतेचा आजार नोंदवला. हिमोफिलिया हा रक्त नीट न गोठण्याचा दुसरा आजार बहुतेक मुलग्यांत दिसतो, हा मात्र मुलगा-मुलगी पाहत नाही. पाळीमुळे बायकांना जाचतो जास्त.

तुला पाळीत तासातासाला पॅड बदलावं लागतं. अक्कलदाढ काढली तर दुसऱ्या दिवशीही उशीवर रक्त. तुझी आजी म्हणायची, “आमच्या घरात बायकांच्या अंगावरून जास्तच जातं.” एवढं बोलून विषय संपायचा. रक्तविकारतज्ज्ञांना नेमकं हेच सांग, लाजू नकोस. माझ्या मते रिपोर्टपेक्षा याला वजन जास्त.

व्हॉन विलब्रँड अँटिजेन (ते प्रथिन किती आहे), त्याची अ‍ॅक्टिव्हिटी (ते काम कसं करतं) आणि फॅक्टर एट (रक्त गोठवणारं आणखी एक प्रथिन) या तपासण्यांबद्दल विचार. ताप असताना किंवा धावतपळत जाऊन रक्त देऊ नकोस. ताण, आजारपण, व्यायाम, गर्भनिरोधक गोळ्या या सगळ्यांनी हे प्रथिन वाढतं आणि कमतरता झाकली जाते. त्यामुळे एकदा नॉर्मल आलं तरी डॉक्टर पुन्हा करायला सांगतील, कुरकुर करू नकोस. तुझा रक्तगट ओ, त्यात ते मुळातच जरा कमी असतं, हेही ते लक्षात घेतील.

रक्त घेताना निळ्या टोपीच्या नळीकडे लक्ष ठेव. त्यात सायट्रेट असतं, एका भागाला नऊ भाग रक्त. खुणेपर्यंत भरली नाही तर सायट्रेट जास्त होतं आणि सेकंद उगाच वाढलेले दिसतात. नळी हलक्या हाताने उलटसुलट करायची, घुसळायची नाही. नमुना बाहेरगावी जाणार असेल तर प्लाझ्मा आधी वेगळा करतात का ते विचार. अख्खं रक्त बर्फात ठेवलं की हे प्रथिन खोटंच कमी दिसतं. असं विचारल्यावर काही टेक्निशियन तोंड वाकडं करतात. करू देत.

तोवर अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन बंद. डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल घे. आणि दुसरी दाढ एवढ्यात काढायची नाही, दातांच्या डॉक्टरांना कळवून टाक.

तुझी आई