खुर्ची मुलांकडेच राहू द्या

मा. संपादक,

पहिल्यांदाच किरकोळ गुन्ह्यात सापडलेल्या मुलांची प्रकरणे त्यांच्याच वयाच्या मुलांसमोर चालवावीत, असे कुणी सुचवले की 'पोरांना काय कळतंय न्यायातलं?' हा सवाल ठरलेला. मी ३१ वर्षे शाळेत शिकवले. या सवालाचे उत्तर मला माझ्याच एका चुकीतून मिळाले, म्हणून हे पत्र.

नववीतल्या एका मुलाने शेजारच्या मुलीच्या दप्तरातून कॅल्क्युलेटर काढून घेतला. मुख्याध्यापकांसमोर तो अर्धा तास बुटांकडे बघत उभा राहिला, तोंडातून अक्षर नाही. मग मी त्याला वर्गातल्या पाच मुलांसमोर बसवले. त्यातल्या एकीने सरळ विचारले, 'उद्या पेपर आहे आणि तिच्याकडे दुसरा नाही, हे तुला माहीत होतं का?' त्याने पहिल्यांदाच मान वर केली. काही बोलायला तोंड उघडले आणि तेवढ्यात मी मध्ये पडले. तास संपत आला होता, मला निकाल लावून मोकळे व्हायचे होते. आठवडाभर वर्ग झाडायची शिक्षा मीच सुनावली. त्याची मान पुन्हा खाली गेली. तो काय सांगणार होता, हे मला आजतागायत कळलेले नाही. बाहेर पडताना ती मुलगी म्हणाली, 'बाई, तुम्हीच ठरवणार होतात, तर आम्हाला कशाला बसवलंत?'

अमेरिकेत ही पद्धत चांगली रुजली आहे. टेक्सासमधल्या ओडेसा शहरात १९८३ मध्ये असे न्यायालय सुरू झाले आणि पुढे त्याचा कित्ता ठिकठिकाणी गिरवला गेला. दुकानातून वस्तू उचलणे, मोडतोड, साधी मारामारी अशी प्रकरणे तिथे येतात. गुन्हा केला की नाही, हा वाद बहुतेक ठिकाणी नसतोच. मुलाने तो आधी कबूल केलेला असतो. आता भरपाई कशी करायची, एवढेच ठरवायचे. समाजसेवेचे तास, माफीचे पत्र, आणि मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट म्हणजे पुढच्या एखाद्या मुलाच्या प्रकरणात ज्युरीत, म्हणजे प्रकरण ऐकून निर्णय देणाऱ्या मुलांत, बसणे. महिन्यापूर्वी ज्याला घाम फुटला होता, त्यालाच आता दुसऱ्याला प्रश्न विचारायचा असतो. तो नीट विचारतो, कारण त्या खुर्चीत बसल्यावर काय वाटते हे त्याला ठाऊक असते.

अर्बन इन्स्टिट्यूट या अमेरिकी संशोधन संस्थेने २००२ मध्ये चार राज्यांतल्या अशा न्यायालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा महिन्यांत पुन्हा गुन्ह्यात सापडणाऱ्यांचे प्रमाण अलास्कात ६ टक्के, तर नेहमीच्या मार्गाने गेलेल्या मुलांत २३ टक्के. मिसुरीत ९ आणि २८. या दोन्ही ठिकाणी न्यायाधीशाच्या जागीही मुलेच बसत होती. हे वाचताना मला त्या मुलीचा प्रश्न आठवला.

मेरीलँडमध्ये मात्र आकडे उलट आले, ८ आणि ४. तिथे तुलनेतली मुले पोलिसांच्याच सुधार कार्यक्रमात होती, म्हणजे त्यांच्याकडेही कुणीतरी नीट लक्ष देत होते. तेव्हा मुलांचे न्यायालय भरवले की पोरे आपोआप सुधारतात, असे मी म्हणणार नाही. आणि ज्या पोराला समज देऊन भागते, त्याला केवळ सोय झाली म्हणून न्यायालयात ओढणे चूकच. मुले एकमेकांशी किती निष्ठुर वागू शकतात, हे मी वर्गात पाहिले आहे. म्हणून ज्युरीतल्या मुलांना आधी शिकवावे लागते, तिथे ऐकलेले बाहेर न बोलण्याची शपथ द्यावी लागते, आणि हिणवणारा प्रश्न आला तर तो जागीच थांबवावा लागतो. मोठ्यांचे काम तेवढेच, पण ते चोख हवे.

अशी न्यायालये उभी करू पाहणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. मोठ्यांनी खोलीत असावे, पण मागच्या बाकावर. प्रश्न विचारल्यावर मूल गप्प झाले, तर ती शांतता कुणी मोडू नये. त्या दिवशी मी थांबले असते, तर फार तर दोन मिनिटे गेली असती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका