पत्रास कारण, जुन्या व्हिडिओ गेमवरचा लेख

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जुने व्हिडिओ गेम जमवणाऱ्यांवर लेख आला होता, तो भावाने साताऱ्याहून फोटो काढून पाठवला आणि खाली लिहिलं, "बघ, तुझ्यासारखे येडे अजून आहेत." लेख चांगलाय, आवडला. पण त्यात २०२१ साली अमेरिकेत सुपर मारिओ ६४ ची सीलबंद कॅसेट लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेली ते सांगितलंय (ते खरंच आहे) आणि मग त्यावरून म्हणलंय की हा छंद आता पैसेवाल्यांची गुंतवणूक झालाय, ज्याला नुसतं खेळायचंय त्याने मोबाइलवर इम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) टाकावा, सगळं फुकट मिळतं. ह्या दोन्ही गोष्टींवर मला बोलायचंय, कारण मी ह्या दोन्हीच्या मधला माणूस आहे आणि माझ्यासारखे बरेच आहेत.

माझ्याकडे व्हेक्ट्रेक्स नावाचं घरी खेळायचं व्हिडिओ गेमचं मशीन आहे. मी न्यू जर्सीत राहतो, तर इथल्या लोकांनाही ते काय असतं ते समजावून सांगावं लागतं, त्यामुळे आपल्याकडे कुणी नाव ऐकलं नसेल तर त्यात नवल नाही. हे नोव्हेंबर १९८२ मध्ये अमेरिकेत बाजारात आलं, म्हणजे आपल्याकडे दिल्लीत एशियाड चालू होतं आणि रंगीत टीव्ही बघायला लोक शेजाऱ्यांकडे गर्दी करत होते तेव्हा. किंमत १९९ डॉलर. जीसीई नावाच्या कंपनीने विकलं, बनवलं ते जे स्मिथ नावाच्या इंजिनिअरच्या टीमने, ह्याच स्मिथनी १९७९ साली मायक्रोव्हिजन केला होता, कॅसेट बदलता येणारा पहिला हातातला गेम. १९८३ मध्ये मिल्टन ब्रॅडली ह्या खेळण्यांच्या कंपनीने जीसीई विकत घेतली आणि नेमकं त्याच वर्षी अमेरिकेतलं व्हिडिओ गेमचं सगळं मार्केट कोसळलं, दुकानं फालतू गेमनी भरलेली, गिऱ्हाईक वैतागलेलं, किंमत उतरत उतरत शंभरावर आली आणि १९८४ उजाडल्यावर गाशा गुंडाळला. जेमतेम दीड वर्षाचं आयुष्य.

मग त्यात एवढं काय आहे? तर त्याला टीव्ही लागत नाही. स्वतःचीच ९ इंची पिक्चर ट्यूब आहे, उभी, आणि रिमोट (आम्ही लहानपणी कंट्रोलरला रिमोटच म्हणायचो) खालच्या खाचेत बसवून बंद करता येतो. पण खरी गंमत ट्यूब कशी चालते त्यात आहे. आपला जुना टीव्ही काय करायचा, तर डावीकडून उजवीकडे एकेक ओळ मारत वरून खाली अख्खा पडदा झाडून काढायचा, दाखवायला काही असो वा नसो. व्हेक्ट्रेक्समध्ये असल्या ओळीच नाहीत. ह्या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत जा असं सांगितलं की किरण थेट तसा जातो आणि रेघ उमटते, काळ्या पडद्यावर पांढरी झगझगीत, कुठेही पायऱ्या पायऱ्या नाहीत, तिरकी रेघसुद्धा एकदम साफ. आर्केडमध्ये (नाणं टाकून खेळायच्या मोठ्या मशीनवर) १९७९ चा अॅस्टेरॉइड्स असाच चालायचा, पण घरात ठेवायचं आणि वेगवेगळ्या कॅसेट लावून खेळायचं असं मशीन त्या काळी हे एकच. आत मोटोरोलाचा ६८०९ प्रोसेसर दीड मेगाहर्ट्झवर, रॅम १ केबी! एवढ्यावर त्यांनी जे काही करून दाखवलंय ते बघून आमच्या ऑफिसातले तरुण डेव्हलपर गप्प बसतात.

आता इम्युलेटरचं. मी इम्युलेटरच्या विरोधात अजिबात नाही, नवीन गेम घ्यायच्या आधी मी स्वतः त्यावर खेळून बघतो. पण मोबाइलचा पडदा ठिपक्यांचा, त्यावर रेघ म्हणजे ठिपक्यांची रांग. व्हेक्ट्रेक्सवर बंदुकीची गोळी म्हणजे एका जागी क्षणभर थांबलेला किरण, त्यामुळे ती बाकीच्या चित्रापेक्षा जास्त चमकते, अंधाऱ्या खोलीत अक्षरशः डोळ्यात घुसते, ते मोबाइलवर येत नाही. शिवाय प्रत्येक गेमबरोबर रंगीत पारदर्शक प्लॅस्टिकचा एक पडदा मिळायचा, त्याला ओव्हरले म्हणतात, तो स्क्रीनवर अडकवायचा म्हणजे काळ्यापांढऱ्या चित्राला रंग येतो. आणि आवाज! आतलं शिल्डिंग कच्चं असल्यामुळे स्पीकरमधून सारखी गुणगुण येते आणि पडद्यावर जसं चित्र बदलेल तसा तिचा सूर बदलतो. हा खरं तर दोष आहे, काहीजण वायरिंग बदलून ती घालवतात, मी घालवली नाही, घालवणारही नाही, मला सवय झालीय तिची.

त्या काळात निघालेले गेम तीसच्या आतबाहेर, म्हणजे मध्यमवर्गीय माणसाला सगळे जमवायचं स्वप्न बघता येईल एवढेच. ही मोठी सोय आहे, निन्टेन्डोचे शेकडो गेम जमवणाऱ्याची बायको काय म्हणत असेल देव जाणे. साध्या सुट्या कॅसेट आजही फार महाग पडत नाहीत, खरा पैसा जातो ओव्हरले आणि डब्यात. पोरांनी तेव्हा ओव्हरले सोफ्याखाली सारले, वाकवले, फेकून दिले, त्यामुळे कॅसेट मिळते पण तिचा ओव्हरले मिळता मिळत नाही. स्टार कॅसल घ्याच, मधोमध तोफ, भोवती फिरणारी कडी, कडी फोडून आत गोळी घालायची आणि भोक पडलं की तिथूनच ती तोफ तुम्हाला टिपते. क्लीन स्वीप हा पॅकमॅनच्या वळणाचा आहे, बँकेत स्फोट होऊन उडालेल्या नोटा व्हॅक्यूम क्लीनरने गोळा करायच्या, पोट भरलं की रिकामं करायला परत यायचं. स्पाइक नावाच्या गेममध्ये तर मशीन चक्क बोलतं, तेही आवाजासाठी वेगळी कुठली चिप न लावता. कॉस्मिक कॅझम तर उलटा प्रवास केलेला गेम, आधी घरच्या मशीनवर आला आणि मग सिनेमॅट्रॉनिक्सने त्यावरून आर्केडचा केला, नेहमी आर्केडचा गेम घरी येतो. अमेरिकन फुटबॉलचा ब्लिट्झ पण आहे माझ्याकडे, इतकी वर्षं इथे राहून मला तो खेळच कळत नाही तर व्हिडिओ गेम काय कळणार, नुसता शेल्फवर आहे. १९८४ मध्ये थ्रीडी चष्मापण काढला होता, डोळ्यांपुढे मोटरवर फिरणारी रंगीत चकती असलेला, अर्धी चकती काळी, म्हणजे एकेक डोळा आळीपाळीने झाकला जातो आणि चित्राला खोली येते. एका ओळखीच्यांकडे घालून बघितलाय, डोकं दुखतं पण दिसतं भारी. त्याची आजची किंमत ऐकून मात्र चष्मा गुपचूप परत दिला.

कॅसेट न लावता मशीन चालू केलं तरी एक गेम सुरू होतो, माइन स्टॉर्म, तो आतच भरलेला आहे. अवकाशातले सुरुंग उडवायचे, काही नुसते तरंगतात, काही मागे लागतात. आणि ह्या गेमचा किस्सा तुमच्या पत्रव्यवहाराच्या सदरात यायलाच पाहिजे. त्यात एक बग होता, काही मशीनवर तेराव्या लेव्हलला गेम बंदच पडायचा. आता तेराव्या लेव्हलपर्यंत पोचणारे थोडे, त्यात कंपनीला पत्र टाकून तक्रार करणारे अजून थोडे. ज्यांनी पत्र लिहिलं त्यांना कंपनीने दुरुस्त केलेली माइन स्टॉर्म टू ची कॅसेट पाठवली. दुकानात ती कधी आलीच नाही. आज व्हेक्ट्रेक्सच्या सगळ्यात दुर्मिळ कॅसेटमध्ये तिचं नाव आहे, आणि ती कुणाकडे गेली तर ज्याने वेळ काढून एक तक्रारीचं पत्र टाकलं त्याच्याकडे. पत्र लिहून काय होतंय असं म्हणणाऱ्या माझ्या भावाला हे मुद्दाम सांगितलं.

पण ह्या मशीनबद्दल मला सगळ्यात मोठी वाटते ती गोष्ट तुमच्या लेखात कुठेच नव्हती. कंपनीचा बाजार उठल्यावर हक्क फिरून परत जे स्मिथ ह्यांच्याकडे आले आणि नव्वदच्या दशकाच्या मध्याला त्यांनी सांगून टाकलं की नफा कमवायचा नसेल तर गेमच्या कॉपी खुशाल करा, वाटा. झालं, पुढचं सगळं त्यातून घडलं. लोकांनी सगळे गेम एका कॅसेटमध्ये भरले, आतला प्रोग्राम उघडून अभ्यासला, १९९६ पासून घरी बसून नवे गेम लिहायला लागले ते आजही लिहितायत, नवी कॅसेट, नवा ओव्हरले, नवा डबा, सगळं. दीड वर्षात मेलेल्या मशीनसाठी आता मूळ गेमपेक्षा नंतरचे गेम जास्त आहेत. इम्युलेटरवर सगळं फुकट मिळतं असं लेखात आहे ना, तर बाकीच्या बहुतेक मशीनच्या बाबतीत ते फुकट म्हणजे चोरीचं असतं, कंपन्या जुना गेम धड विकतही नाहीत आणि कॉपी करू देतही नाहीत, खेळणाऱ्याने करायचं काय. इथे मालकाने स्वतःहून दार उघडलं, आणि माझ्या मते इतरांनीही उघडावं, निदान ज्या गेमचा धंदा कधीच संपलाय त्यांचं तरी. सरकारने कायदा करावा वगैरे मी म्हणत नाही, मला कायद्यातलं कळत नाही, पण एका माणसाच्या होकाराने काय होतं ते माझ्या टेबलावर दिसतंय.

सीलबंद डब्यांबद्दल माझं म्हणणं असं की ज्याचे पैसे त्याने कसेही उडवावेत, पण त्याला गेमचा छंद म्हणू नये. व्हेक्ट्रेक्स कपाटात ठेवून टिकत नाही, आतले कंडेन्सर वाळतात, आवाजाचं बटण (चालू-बंदही त्याच बटणाने) खरखरायला लागतं, रिमोटच्या दांडीखालचे पॉट (फिरणारे रेझिस्टर) झिजतात. मशीन चालवलं, उघडलं, साफ केलं तर राहतं. माझं चित्र एकदा अचानक आडवं दबायला लागलं, उंची बरोबर पण रुंदी निम्मी. इथे पिक्चर ट्यूबला हात लावणारा माणूस सापडेना, नवीन टीव्ही घ्या म्हणतात, कुठला टीव्ही अरे! शेवटी सुट्टीत साताऱ्याला गेलो तेव्हा आमच्या पेठेतल्या टीव्हीवाल्या काकांना फोनमधले आतले फोटो दाखवले. त्यांनी हे मशीन जन्मात बघितलं नव्हतं. बराच वेळ लाइन औटपुट (टीव्हीत ओळी मारणारा भाग) कुठंय ते शोधत बसले, मग त्यांची नजर हीटसिंक लावलेल्या एलएम ३७९ वर गेली आणि म्हणाले, "हा तर डेकच्या अॅम्प्लिफायरचा आयसी, ह्याचं टीव्हीत काय काम?" काम हेच की एरवी स्पीकर हलवणारा हा स्टिरिओ आयसी इथे किरण हलवतो, एक चॅनल आडवा, एक उभा. म्हणजे एक चॅनल गेलाय, आधी ड्राय सोल्डर (सोल्डरचा सुटलेला जोड) बघ, आयसी नंतर, असं काकांनी तिथल्या तिथे सांगितलं. परत आल्यावर बघितलं तर ड्राय सोल्डरच होतं. हा आयसी बनणं कधीच बंद झालंय, उगाच बदलायला गेलो असतो तर महागात पडलं असतं. काकांची पोरं आता मोबाइल दुरुस्त करतात, पिक्चर ट्यूबला हात लावत नाहीत. गल्लीबोळातल्या अशा मेकॅनिक लोकांवर तुम्ही एक लेख करा अशी माझी खरोखर विनंती आहे, मशीन जमवणारे खूप भेटतात, पण बंद पडल्यावर फोटो बघून बिघाड सांगणारे किती राहिलेत?

लेख वाचून कुणाला हे मशीन भारतात न्यायची हुक्की आली असेल तर थोडं कामाचं सांगतो आणि थांबतो. टीव्हीला जोडायचंच नसल्यामुळे पाल-एनटीएससीची (देशोदेशीच्या टीव्ही सिग्नलच्या वेगळ्या पद्धतींची) भानगड नाही, कुठल्याही देशातली कॅसेट चालते, जपानात बांडायने विकलेल्या मशीनवरही. अमेरिकेतलं मॉडेल मात्र ११०-१२० व्होल्टचं आहे, स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय सॉकेटला लावलंत तर धूर निघेल. युरोपातलं मॉडेल मिळालं तर ते बरं पडतं. विकत घेताना चालू करून दाखवायला सांगा आणि बंद केल्यावर पडद्याच्या बरोबर मधे जळका ठिपका आहे का ते उजेडात बघा. खेळता खेळता गेम अडकून मधे एकच झगझगीत ठिपका थांबला तर रीसेट बिसेट करत बसू नका, लगेच बंद करा, नाहीतर ट्यूबला कायमचा डाग पडतो. आणि पाठचं झाकण उघडायचं झालं तर ट्यूबमध्ये हाय व्होल्टेज साठून राहतं, प्लग काढल्यावरसुद्धा, तेव्हा जवळपास कुणी जुने टीव्हीवाले काका असतील तर त्यांनाच उघडू द्या.

आपला,
एक वाचक
एडिसन, न्यू जर्सी (मूळ सातारा)