कच्च्या लायसन्सची परीक्षा पाठ करून पास होऊ नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेले पंधरा दिवस माझी भाची मोटारसायकलच्या कच्च्या लायसन्सची तयारी करायला माझ्याकडे येतेय, आणि या पंधरा दिवसांत जे बघितलं ते कुठेतरी लिहिल्याशिवाय राहवत नाहीये म्हणून हे पत्र. जरा लांबेल, जमेल तेवढं छापा.

पहिल्याच दिवशी ती म्हणाली, मावशी, माझं सगळं झालंय गं, तू फक्त एकदा विचारून बघ. मोबाइलवरच्या ॲपमध्ये तिने सराव टेस्ट दिली, २० पैकी २०. मला कौतुक वाटलं. मग रात्री मी तेच प्रश्न वहीत उतरवले, फक्त पर्यायांचा क्रम बदलला, आणि दुसऱ्या दिवशी तिच्यापुढे ठेवले. २० पैकी ११. पोरगी रडवेली झाली. ओल्या रस्त्यावर पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवायचं असा एक प्रश्न होता, तिने वाचायच्या आधीच तिसऱ्या पर्यायावर बोट ठेवलं, कारण ॲपमध्ये या प्रश्नाचं उत्तर तिसरं असायचं. ती जागा पाठ झाली होती, उत्तर पाठ झालंच नव्हतं.

यात तिची काही चूक नाही. ज्या क्लासला नाव घातलं होतं तिथे पहिल्या दिवशी प्रश्नांची झेरॉक्स हातात देऊन सांगितलं, एवढं पाठ कर, झालं काम. तिने विचारलं, नियमांचं पुस्तक वाचायचं का, तर म्हणाले त्याची काही गरज पडत नाही. हे वाक्य ऐकल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाहीये.

कारण मीही अशीच पास झाले होते. १९ वर्षांची होते, लायसन्स मिळून महिना पण झाला नव्हता, पहिला पाऊस पडून गेलेला, सिग्नलला वळताना अचानक एक माणूस आडवा आला आणि मी घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबला. गाडी वळणात तिरकी, चाक नेमकं झेब्रा क्रॉसिंगच्या ओल्या पांढऱ्या पट्ट्यावर. काही कळायच्या आत मी रस्त्यावर. खांद्याजवळचं हाड मोडलं, दीड महिना हात गळ्यात. तेव्हा कोणीच नीट सांगितलं नाही काय झालं ते, त्यामुळे मी मनाशी ठरवून टाकलं की पुढचा ब्रेक वाईट, त्याला हात लावायचा नाही, आणि नंतर कित्येक वर्षं नुसत्या पायाच्या ब्रेकवर गाडी चालवली. ते त्याहून जास्त धोक्याचं होतं हे फार उशिरा कळलं.

म्हणजे बघा, परीक्षेत प्रश्न असतो, अचानक थांबायचं झालं तर कुठला ब्रेक लावायचा, उत्तर असतं दोन्ही. हे एका शब्दाचं उत्तर पाठ करायला एक सेकंद लागतो. पण कारण असं आहे की ब्रेक लागला की गाडीचा आणि आपला भार पुढे सरकतो, पुढचं चाक रस्त्यावर जास्त दाबलं जातं त्यामुळे तिथे पकड वाढते आणि मागचं चाक हलकं होतं. म्हणून थांबवायचं बरंचसं काम पुढचाच ब्रेक करतो, नुसता मागचा दाबला तर चाक लॉक होऊन गाडी घसरत जाते आणि थांबत तर लवकर नाहीच. पण भार पुढे सरकायला क्षणभर वेळ लागतो, म्हणून पुढचा ब्रेक झटका न देता दाब वाढवत वाढवत लावायचा. आणि टायरची रस्त्याला टेकलेली जागा जेमतेम तळहाताएवढी, वळताना तिथली बरीच पकड वळण्यातच खर्च होत असते, ब्रेकसाठी थोडीच उरते, त्यात खाली ओला रंग असेल, ड्रेनेजचं लोखंडी झाकण असेल नाहीतर वाळू असेल तर संपलंच. हे कळलेल्या माणसाला ब्रेकवरचे चार-पाच प्रश्न वेगळे पाठ करावे लागत नाहीत, सगळी उत्तरं आपोआप येतात. मला १९ व्या वर्षी कोणी हे दहा मिनिटं बसून सांगितलं असतं तर माझं हाड वाचलं असतं असं मला आजही वाटतं.

थांबायच्या अंतराचं तर सांगायलाच पाहिजे. भाचीला आकडे पाठ होते पण ३७ मीटर म्हणजे किती हे डोळ्यापुढे येत नव्हतं, मग आम्ही सकाळी लवकर, रहदारी सुरू व्हायच्या आत, मोजायची टेप आणि खडू घेऊन घरासमोरच्या गल्लीत गेलो. हिशेब साधा धरला, धोका दिसल्यापासून हात ब्रेकवर जाऊन तो लागेपर्यंत एक सेकंद, रस्ता कोरडा, ब्रेक चांगले, चालवणारा सरावलेला. ताशी ३० च्या वेगाला त्या एका सेकंदात गाडी साधारण ८ मीटर जाते आणि मग ब्रेक लागून ५ मीटरमध्ये थांबते, म्हणजे एकूण १३. तिथे तिने खडूने रेघ मारली. मग ताशी ६०. आता त्या एकाच सेकंदात गाडी १६-१७ मीटर जाते. म्हणजे ३० वाला जिथे पूर्ण थांबून उभा आहे, त्या रेघेवर आली तेव्हा ६० वालीचा ब्रेक अजून लागलेलाच नाहीये! आणि लागल्यावर पुढे अजून २० मीटर, कारण वेग दुप्पट झाला की ब्रेकचं अंतर चौपट होतं. ३७ व्या मीटरला रेघ मारायला भाची चालत गेली, तिथून वळून पहिल्या रेघेकडे बघत उभी राहिली आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, मावशी, आणि मागे कोणी बसलं असेल तर? रस्ता ओला असेल तर? मला त्या क्षणी वाटलं की हिची तयारी आत्ता सुरू झाली. असा प्रश्न त्या झेरॉक्सवर नव्हता, तो तिला स्वतःला पडला.

चिन्हांचं सोपं आहे, त्यावर फार लिहीत नाही. बऱ्याच देशांत ठरलेलंच आहे की गोल चिन्ह बहुतेक हुकूम देतं, त्रिकोण सावध करतो, चौकोन माहिती देतो, आणि थांबा म्हणून एकट्याला आठ कोन, जो पाठीमागून दिसला तरी आकारावरून ओळखू येतो. एवढं समजलं की नवीन चिन्ह दिसलं तरी निम्मा अर्थ लागतो.

त्यापेक्षा मला चौकाबद्दल बोलायचंय. आधी कोणी जायचं यावर परीक्षेत प्रश्न असतातच आणि मुलं ते नियम म्हणून पाठ करतात, माझा हक्क आहे ना मग मी जाणार. अमेरिकेत लॉस एंजेलिस भागात मोटारसायकलच्या ९०० अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास झाला होता, १९८१ मध्ये त्याचा अहवाल आला, हॅरी हर्ट या प्राध्यापकांच्या नावाने तो ओळखला जातो. त्यात दिसलं की जिथे दुसरं वाहन होतं अशा अपघातांपैकी दोन तृतीयांश अपघातांत त्या दुसऱ्या वाहनाने मोटारसायकलचा आधी जायचा हक्क मोडला होता, आणि कारण बहुतेक वेळा हेच की मोटारसायकल दिसलीच नाही किंवा दिसली तेव्हा उशीर झाला होता. लहान आकाराची वस्तू आपल्याला आहे त्याहून लांब आणि हळू येतेय असं वाटतं, मोटार चालवणारा आपल्याकडे बघत असतो तरी त्याचा अंदाज चुकतो. म्हणून नियम आपल्या बाजूने असला तरी चौकात वेग कमी करायचा, बोटं ब्रेकवर तयार ठेवायची आणि मोठ्या गाडीच्या आडून अचानक बाहेर यायचं नाही. हक्क कोणाचा हे परीक्षेला माहीत पाहिजे, आणि समोरच्याने तो मोडला तर काय करायचं हेही माहीत पाहिजे.

त्याच अहवालात अजून एक गोष्ट आहे, अपघात झालेल्यांपैकी ९२ टक्के चालक स्वतःच्या स्वतः किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. हे वाचल्यावर मी भाचीला सांगून टाकलं की मी कितीही मनापासून शिकवलं तरी माझ्यावर थांबू नकोस, गाडी प्रत्यक्ष चालवायचं रीतसर ट्रेनिंग पण घे. आता ती असा दुसरा क्लास शोधतेय जिथे मैदानात ब्रेक मारायला शिकवतात.

हेल्मेटवर मुलांशी वाद घालू नका, कारण सांगा. १९३५ मध्ये 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेले ब्रिटिश लष्करी अधिकारी टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागून गेले, त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे सर्जन होते. पुढे त्यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास करून १९४१ मध्ये हेल्मेटचं महत्त्व छापून मांडलं. नंतरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब केल्यावर निघालं की हेल्मेटमुळे मोटारसायकलस्वाराचा मृत्यूचा धोका साधारण ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला दुखापत व्हायचा धोका ६९ टक्क्यांनी कमी होतो. पण पट्टा नीट लावलेला नसेल तर पडताना डोकं आपटायच्या आधीच हेल्मेट उडून जातं, तेव्हा पट्ट्याचा प्रश्न आला तर तो फालतू समजून सोडू नये.

ज्यांच्या घरी कोणी तयारी करतंय त्यांना एवढंच सुचवते. आपल्याकडचं अधिकृत नियमपुस्तक मिळवा आणि आधी ते वाचा, सराव टेस्ट नंतर. चुकलेला प्रश्न वहीत लिहून खाली स्वतःच्या शब्दात कारण लिहायला लावा, दोन ओळी पुरतात. कारण लिहिता आलं नाही तर उत्तर बरोबर असलं तरी तो चुकलाच धरा. आणि बसमध्ये, रिक्षात, कोणाच्या मागे बसून जाताना त्यांना विचारत राहा, आत्ता तू चालवत असतीस तर कुठे बघत असतीस, तो समोरचा टेम्पो काय करेल असं वाटतं? ब्रिटनमध्ये २००२ पासून लेखी परीक्षेतच व्हिडिओ दाखवतात आणि धोका तयार होताना दिसला की बटण दाबायचं असतं, जितकं लवकर दिसेल तितके मार्क जास्त. आपण घरी तेच बोलून करतोय. भाचीला आता हा नादच लागलाय, परवा रिक्षात बसल्या बसल्या मला म्हणाली, मावशी, त्या उभ्या कारच्या आत ड्रायव्हर आहे, दार उघडेल बघ. आणि खरंच उघडलं.

शेवटी संपादक साहेब, एक विनंती तुम्हाला. तुमच्या पेपरात शब्दकोडं येतं, राशिभविष्य येतं, दोन इंचांची एक जागा दर आठवड्याला या परीक्षेतल्या एका प्रश्नाला द्या. नुसतं उत्तर छापू नका, खाली चार ओळीत त्याचं कारण छापा, आणि उत्तरं लिहायला रोज गाडी चालवणाऱ्यांना, हाडाच्या डॉक्टरांना, वाहतूक पोलिसांना सांगा. पहिला प्रश्न हवा असेल तर भाचीने खडू हातात धरून विचारलेलाच घ्या, मागे कोणी बसलं असेल तर गाडी थांबायला किती जास्त जागा लागेल?

आपली,
एक नियमित वाचक