‘गळतीचे समाधान’ आणि ‘हमखास उपहार’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘पाणीगळतीचे संपूर्ण समाधान’, ‘प्रत्येक खरेदीवर हमखास उपहार’, ‘आपल्या सेवेसाठी आमची निरंतर चेष्टा’ अशा धर्तीचा मजकूर मराठी जाहिरातींत सर्रास दिसतो. वाचक हसतो आणि पान उलटतो. पण ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. जाहिरातदाराचे पैसे वाया जातात, वाचकाच्या हाती काही लागत नाही आणि चुकीचा शब्द रोज डोळ्यांखालून गेला की तोच रुळतो.

बऱ्याचदा मजकूर आधी इंग्रजीत लिहितात, त्यावरून हिंदी होते आणि हिंदीवरून घाईघाईत मराठी. लिपी एकच असल्याने नजर फसते. हिंदीत ‘समाधान’ म्हणजे तोडगा, मराठीत तृप्ती. हिंदीतला ‘उपहार’ ही भेटवस्तू; मराठी वाचकाला त्यात ‘उपाहार’ म्हणजे अल्पोपाहार दिसतो, मधला काना त्याच्या लक्षातही येत नाही. ‘चेष्टा’ तिकडे प्रयत्न, इकडे टिंगल. ‘दर्जेदार शिक्षा’ देणारी संस्था तर मराठीत थेट तुरुंगच ठरते. शुद्धलेखन तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला यातले काहीही सापडत नाही, कारण शब्द मराठीच आहेत, अर्थ तेवढा दुसरा आहे. समाधान, उपहार, चेष्टा, शिक्षा, आपत्ती, सूचना अशा शब्दांची यादी मजकूर तपासणाऱ्याच्या टेबलावर कायम हवी.

मोबाइलवरच्या संदेशांत दुखणे वेगळे आहे. ‘तुमचे ____ पाठवले आहे’ असा साचा करून ठेवतात आणि रिकाम्या जागी वस्तूचे नाव आपोआप पडते. इंग्रजीत हे चालते. मराठीत तीन लिंगे आहेत, त्यामुळे ‘तुमचे खुर्ची पाठवले आहे’ असा संदेश येतो. प्रत्यय जोडायचा असेल तर आणखी पंचाईत : ‘पंखा ची किंमत कमी झाली’. पंखा या शब्दाचे ‘पंख्या’ हे सामान्यरूप साच्याला ठाऊक नसते. उपाय सोपा आहे. बदलते नाम वाक्याच्या बाहेर काढायचे : ‘पाठवलेली वस्तू : खुर्ची, नग : ४’. इथे लिंग ‘वस्तू’चे, ते बदलत नाही आणि खुर्चीला प्रत्ययही लागत नाही. शंभर वस्तू असोत की लाख, संदेश बिनचूक राहतो.

बटणांवरच्या शब्दांचेही तसेच. भाषांतरकाराच्या हाती तक्त्यातले सुटे शब्द येतात, पडद्याचे चित्र येत नाही. मग ‘बुक’चे ‘पुस्तक’ होते, ‘फ्री’चे ‘मुक्त’. ‘लाइट’ म्हणजे दिवा की हलके, हे चित्राशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. प्रत्येक शब्दासोबत पडद्याचा फोटो द्यावा, एवढ्याने निम्मे काम होते.

शब्दांची जागाही सांभाळायला हवी. ‘स्वयंचलित महिलांसाठी शिवणयंत्र’ हे बहुधा मांडणी करताना, ओळी जुळवण्याच्या नादात होते. विशेषण आपल्या नामाला खेटून असावे, म्हणून मांडणी झाल्यावर पुन्हा एकदा वाचणे भाग आहे.

मला जास्त खटकतात ती व्याकरणशुद्ध, पण पोकळ वाक्ये. ‘ग्राहकाचे हित हेच आमचे ध्येय’ हे वाक्य उलटे करून पाहावे. ‘ग्राहकाच्या हिताशी आम्हाला देणेघेणे नाही’ असे कुणीही छापणार नाही. म्हणजे मूळ वाक्यानेही काही सांगितलेले नाही. ‘तत्पर सेवा’ऐवजी ‘तक्रार नोंदवल्यापासून ४८ तासांत कारागीर घरी येईल’ असे लिहिले, तर वाचकाला धरायला काहीतरी मिळते. आकड्यांतही हाच पोकळपणा शिरतो. ‘५० टक्क्यांपर्यंत सूट’मध्ये ५ टक्केही बसतात. ‘५० + २० टक्के’ ही ७० टक्के सूट नसते : शंभराचे आधी पन्नास होतात, पन्नासाचे चाळीस, म्हणजे सूट ६० टक्के. ‘तिप्पट कमी वीज’ला तर अर्थच नाही, कारण एकपट कमी झाली की शून्यच उरते. ‘एक तृतीयांश वीज’ असे म्हणायचे असेल तर तसेच लिहावे.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२च्या मार्गदर्शक सूचनांनुसार जाहिरातीतला खुलासा दाव्याच्याच भाषेत हवा. मराठी दाव्याखाली बारीक इंग्रजी टीप दिसली, तर ती बदलून मागायला हा आधार आहे.

आपल्या जाहिरात विभागाला विनंती आहे की, मूळ इंग्रजी किंवा हिंदी मजकूर न पाहिलेल्या एका माणसाने प्रत्येक मराठी जाहिरात छपाईआधी मोठ्याने वाचावी. तो अडखळला, तर पर्यायी वाक्य सुचवून मजकूर जाहिरातदाराकडे परत पाठवावा आणि त्याच्या होकारासाठी छपाईच्या वेळापत्रकात जागा ठेवावी.

आपला,
जाहिरात-भाषांतराच्या व्यवसायातील एक वाचक