कन्नड सबटायटल्स करून देणाऱ्या बाईंना जाहीर आभारपत्र

बेळगाव

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

खानापूरच्या कुंभारांवरचा आमचा २२ मिनिटांचा माहितीपट मराठीत बोलतो. तो ज्या गावांत दाखवायचा, तिथल्या बऱ्याच घरांत कन्नड चालतं. ती अडचण तुम्ही ३१० सबटायटल्स लिहून सोडवलीत, आणि मानधनाचा विषय काढूसुद्धा दिला नाहीत. तोंडी आभार मानून झालेत. हे पत्र जाहीर लिहायचं कारण असं, की स्वतःच्या खिशातून लघुपट करणारे आपल्याकडचे बहुतेक जण सबटायटल्स शेवटच्या रात्री मशीनकडून भाषांतर करून घेतात आणि चिकटवून मोकळे होतात. तुम्ही काय काय केलंत, ते त्यांनाही कळू दे.

मशीनच्या मसुद्यात निवेदनातलं ‘अनुमान’ जसंच्या तसं कन्नडात गेलं होतं. कन्नडात अनुमान म्हणजे संशय! भट्टी किती तापली याचा कुंभाराने बांधलेला अंदाज पडद्यावर त्याचा संशय होऊन बसला असता. तुम्ही तिथे ‘अंदाजु’ घातलंत. ‘अवसर’ही असाच फसवा: आपल्याकडे संधी, तिकडे घाई. दोन्ही भाषांत दिसायला सारखा शब्द आला की आधी त्याच्यावरच संशय घ्यायचा, ही तुमची सवय आम्ही उचलली आहे.

त्याहून अवघड होतं ‘आम्ही’ आणि ‘आपण’. कॅमेऱ्यामागच्या माणसाला धरून बोलायचं तर ‘आपण’, त्याला वगळून बोलायचं तर ‘आम्ही’, हे मराठीत आपोआप कळतं. कन्नडात दोन्हीला ‘नावु’. ‘आम्ही ही माती विकत घेत नव्हतो’ या वाक्याचा सगळा जोर त्या ‘आम्ही’त आहे. तुम्ही ‘नावु कुंबाररु’ केलंत. एकच शब्द वाढला, पण बोलणारा कोणाच्या वतीने बोलतोय ते पक्कं झालं.

धंद्यातले शब्द तुम्ही कोशातून घेतले नाहीत, कन्नड बोलणाऱ्या कुंभारांकडे विचारलेत. म्हणून चाकाला ‘चक्र’ न येता ‘तिगरि’ आलं, भट्टीला ‘आविगे’ आणि चिकणमातीला ‘जेडिमण्णु’. बोलीचंही तेच. म्हातारी ‘बसा की’ म्हणते, तिथे पुस्तकी ‘कुळितुकोळ्ळि’ न घालता तुम्ही इकडचं ‘कूड्रि’ घातलंत. ते कानाला खरं वाटतं, शिवाय जागा निम्मी घेतं. (शहराचं नाव मराठी फाइलमध्ये ‘बेळगाव’, कन्नड फाइलमध्ये ‘बेळगावि’. यावर तुम्ही एका मिनिटाचीही चर्चा होऊ दिली नाहीत, त्याचे आभार वेगळे.)

आता वेळेचं गणित. एक सबटायटल पडद्यावर किमान १ सेकंद, जास्तीत जास्त ७ सेकंद, ओळी दोनच, दोन सबटायटल्सच्या मध्ये २ फ्रेम्स रिकाम्या, नाहीतर मजकूर बदललेला डोळ्याला कळतच नाही. दृश्य बदलल्यावरही जुनी ओळ रेंगाळली तर प्रेक्षक ती पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागतो, म्हणून ती कटच्या आधी उतरवायची. एवढं आम्हाला माहीत होतं. सॉफ्टवेअर मात्र निम्म्या ओळींवर ‘वाचायला वेळ कमी’ असा लाल शेरा मारत होतं, आणि आम्ही वाक्यं छाटत सुटलो होतो. गोम तुम्ही दाखवलीत: सॉफ्टवेअर युनिकोडची, म्हणजे संगणक अक्षरं ज्या पद्धतीने साठवतो तिच्यातली, सुटी चिन्हं मोजतं. ‘स्त्री’ हे डोळ्याला एक अक्षर, पण त्याच्या हिशेबात सहा: स, हलन्त, त, हलन्त, र आणि वेलांटी. कन्नडातही तसंच. तुम्ही वहीत हाताने अक्षरं मोजलीत आणि आम्ही छाटलेल्या कितीतरी ओळी परत आल्या.

फाइलींची रड निराळीच. पहिली कन्नड फाइल जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप झाली होती, त्यामुळे एडिटिंगच्या संगणकावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली. सगळं युनिकोडमध्ये आणून एसआरटी फाइल (सबटायटल्स आणि त्यांच्या वेळा असलेली साधी फाइल) यूटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या पद्धतीत जतन केली, तेव्हा ती उघडली. पुढे प्रीमिअर या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीतली ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर पडायला लागली आणि जोडाक्षरं सुटी झाली. त्याच्या सेटिंग्जमध्ये ग्राफिक्सखाली टेक्स्ट इंजिन ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ करावं लागतं. ते केल्यावरच लिपी जागेवर येते. तरी कन्नड ओळींखाली काहीतरी तुटल्यासारखं दिसतंय, हे आमच्यातल्या एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. कन्नडातलं ओत्ताक्षर, म्हणजे जोडाक्षरातलं खाली लिहिलं जाणारं व्यंजन, ओळीखाली लोंबतं आणि मजकुरामागची काळी पट्टी देवनागरीच्या मापाची होती, म्हणून ते कापलं जात होतं. पट्टी आणि दोन ओळींमधलं अंतर, दोन्ही वाढवलं.

यूट्यूबवर दोन्ही भाषांच्या फाइली वेगळ्या चढवता येतात, बघणारा हवी ती निवडतो. गावातल्या देवळात चादरीवर दाखवताना ती सोय नसते, सबटायटल्स चित्रातच पक्की करून न्यावी लागतात. तिथे लोक जमिनीवर बसतात आणि पडद्याचा खालचा भाग पुढच्यांच्या डोक्यांआड जातो. ‘दोन बोटं वर घ्या’ असं तुम्ही म्हणालात, आम्ही मजकूर चौकटीच्या तळापासून चांगला वर उचलला. भट्टीच्या धुरावर पांढरी अक्षरं विरघळत होती, त्यांना काळी कडा दिली.

श्रेयनामावलीत तुम्ही नाव नको म्हणालात. ते ऐकलेलं नाही. कॅमेरा आणि ध्वनी यांच्या लगेच खाली, त्याच आकारात ‘कन्नड सबटायटल्स’ म्हणून तुमचं नाव आहे.

अक्षरं मोजलेली तुमची वही आमच्याकडेच राहिली आहे. रविवारी आणून देतो. सोबत नवी फाइलही आणतो: १४ मिनिटं ३२ सेकंदांवर एका ठिकाणी ‘चक्र’ राहूनच गेलं होतं, तिथे ‘तिगरि’ केलंय. तेवढं एकदा नजरेखालून घाला.

आपले,
माहितीपटाची सगळी मंडळी