खांड बुजवण्याआधी दोन शून्यांचा मेळ घाला

मा. संपादक,

उधाणाने खारबंदिस्तीला, म्हणजे खारे पाणी अडवणाऱ्या बांधाला, खांडी (भगदाडे) जातात, खारे पाणी भातखाचरांत शिरते, आणि मग एकेक खाते आपापल्या सवडीने बांधावर येऊन जाते. धरमतर खाडीकाठची ही नेहमीची रीत. बांध उभा राहतो, पण शेत पिकत नाही.

पहिला घोळ आकड्यांचा. भरतीच्या तक्त्यातली उंची चार्ट डेटमपासून, म्हणजे जवळजवळ सर्वांत खालच्या ओहोटीच्या पातळीपासून मोजतात. अभियंत्याची लेव्हल असते सरासरी समुद्रसपाटीपासून. मुंबईला या दोन शून्यांत सुमारे अडीच मीटरचे अंतर आहे. तक्त्यातले 4.5 मीटरचे उधाण लेव्हलच्या वहीत जेमतेम 2 मीटर भरते. ही वजाबाकी राहिली तर बांधाचा माथा उगाच उंच होतो, दोनदा झाली तर बुटका. शिवाय खाडीच्या आतल्या वळणावर पाणी किती चढते हे तक्ता सांगत नाही, ते कोळी सांगतो. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी त्याला घेऊन बांधावर खूण करावी.

उघाडीचेही, म्हणजे बांधातल्या पाणी सोडण्याच्या दाराचेही, तसेच. झडप खाडीच्या अंगाला असते. ओहोटीत आतले पाणी तिला ढकलून बाहेर पडते, भरतीत बाहेरचे पाणी तिला दाबून धरते. कुजलेली फळी, गंजलेली बिजागरी, साचलेला गाळ अभियंत्याला दिसतो. रात्री मासे आत यावेत म्हणून कुणी अडकवलेले दांडके दिसत नाही. हा तिढा शेतकरी आणि मासे धरणारे यांना समोरासमोर बसवूनच सुटेल. नाहीतर नवी झडप पुन्हा दांडक्यावरच टेकेल.

मातीचा नमुना मे महिन्यात घ्यावा, 0 ते 15 आणि 15 ते 30 सेंमी असा वेगवेगळा. पावसाने धुतलेली सप्टेंबरची माती फसवते. संपृक्त अर्काची विद्युतवाहकता (मातीतल्या खारेपणाचे माप) 4 डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली की पनवेल-3सारख्या खार सोसणाऱ्या भाताच्या वाणाचा विचार करायचा.

तिवरांचे (खारफुटीचे) जाणकार मात्र शेवटी आठवतात, बहुधा परवानगी अडल्यावर. बांधासमोरची तिवरे लाट मोडतात. ती तोडून तिथलीच माती बांधावर चढवली की पायथ्याशी खड्डा होतो आणि पुढच्या उधाणात बांध तिथेच बसतो.

संबंधित खात्यांनी या सर्वांना घेऊन दोनदाच पाहणी करावी, एकदा पूर्ण ओहोटीला, एकदा उधाणाला. आणि अहवालाच्या पहिल्याच ओळीत शून्य कोणते धरले ते लिहावे.

— खारभूमीचे काही अभ्यासक, अलिबाग तालुका